एकट्याने मांडा जादूचा डाव

नोकरीनिमित्त चेन्नईजवळच्या एन्नोरला बिऱ्हाड हलले, तमिळ येत नाही, घरची मंडळी कामावर. अशा वेळी दुपार खायला उठते. मग पत्ते काढा!

आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे १२० पत्ते मोहक खरे, पण त्याला तीन गडी लागतात. २००८ मधील 'डोमिनियन'ने वेगळी वाट दाखवली: दहा साध्या पत्त्यांनी सुरुवात करायची आणि खेळताखेळता चांगले पत्ते विकत घेत आपला संच वाढवायचा.

याच पद्धतीचा 'मेज नाइट' (२०११) एकट्यानेही रंगतो, मात्र नियम बरेच आहेत. 'इऑन्स एंड'मध्ये (२०१६) राक्षसापासून नगर वाचवायचे असते. त्यात आपले पत्ते पिसत नाहीत, म्हणून टाकतानाच पुढचा विचार करावा लागतो.

डाव हरलात तरी बिघडत नाही, पुन्हा मांडा. आणि संध्याकाळी शेजारणीलाही बोलवा. साध्या बावन्न पत्त्यांना भाषा लागत नाही.