ठेव परक्याची, जोखीम आपली!

दिवाळी तोंडावर आली की आमच्या शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरातून भाजणीचा खमंग वास सुटतो. पूर्वी त्यांच्या चकल्या गल्लीपुरत्याच जायच्या. मुलानं वेबसाइट काढून दिली आणि पार नागपूरहून ऑर्डरी यायला लागल्या. गेल्या वर्षी भाव सगळ्यांना एकदम कळावेत म्हणून वहिनींनी साऱ्या गिऱ्हाइकांना एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं. चौथ्याच दिवशी एका बाईंचा फोन आला. बाई एकट्या राहणाऱ्या. ग्रुपवरून नंबर उचलून कुणीतरी त्यांना रात्री-अपरात्री फोन करत होतं. "मी नंबर दिला होता तो चकल्यांसाठी," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी वहिनींच्या घशाखाली घास उतरला नाही.

मैत्रिणींनो, शेजारणीनं विश्वासानं ठेवायला दिलेली पाटली आपण हातात घालून मिरवतो का? मग गिऱ्हाइकाचा नंबर आणि पत्ता हीसुद्धा ठेवच नाही का?

कायदाही आता हेच सांगतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली दिला. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करायचं ठरलं. तयारीला वेळ मिळाला, तो यासाठीच.

भिशीच्या मैत्रिणींचे नंबर ठेवलेत तर हा कायदा आड येत नाही; ते घरगुती काम झालं. नुसत्या वहीतली यादीही त्यात येत नाही. पण तीच यादी धंद्यासाठी मोबाइलात उतरवलीत की आली, बरं का!

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, हवी तेवढीच माहिती मागा. डबा पोचवायला नाव, पत्ता, नंबर पुरे; जन्मतारीख कशाला? दुसरं, माहिती कशासाठी घेताय ते साध्या शब्दांत आधीच सांगा. ही सूचना गिऱ्हाइकाला इंग्रजीत किंवा मराठीसह राज्यघटनेतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. तिसरं, नव्या मालाच्या जाहिराती पाठवायच्या तर वेगळं विचारा. होकाराच्या चौकटीत आपणच आधी खूण करून ठेवायची नाही. आणि होकार देणं जितकं सोपं, तितकंच तो मागे घेणंही सोपं हवं. चौथं, काम संपलं आणि कायद्यानं ठेवायची गरज नसली, की माहिती पुसून टाका.

वेबसाइटवर 'गोपनीयता धोरण' नावाचं एक पान असतं. पुष्कळजणी ते मोठ्या कंपनीचं जसंच्या तसं उतरवून घेतात. दुसरीच्या मापाचं पोलकं आपल्याला कसं बसेल? त्यात 'आम्ही माहिती कुणालाही देत नाही' असं लिहिलेलं असतं आणि इकडे पत्ता तर कुरिअरवाल्याला द्यावाच लागतो. आपण खरोखर जे करतो तेच लिहा. दहा ओळी झाल्या तरी चालतील.

स्वतःच्या वेबसाइटवरून नेमानं विक्री करत असाल, तर ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही पाहून घ्या. नाव, पत्ता, परतीच्या अटी आणि तक्रार ऐकणाऱ्याचा नंबर वेबसाइटवर हवा. तक्रार पोचल्याचं ४८ तासांत कळवायचं आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा.

माहिती नीट न सांभाळल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आकडा ऐकून घाबरू नका. चूक किती गंभीर, हे पाहून दंड ठरवायचा असतो. पण माहिती फुटलीच तर लपवू नका. ज्यांची फुटली त्यांना आणि कायद्यानं नेमलेल्या मंडळाला कळवावं लागतं.

वहिनींनी ग्रुप मोडला आणि त्या बाईंची माफी मागितली. आता त्या ब्रॉडकास्ट यादी वापरतात, तीही ज्यांनी 'हो' म्हटलं त्यांच्यापुरती. त्यात एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही. त्या बाईंची ऑर्डर मात्र अजून आलेली नाही. बिघडलेली भाजणी पुन्हा दळून आणता येते, गेलेल्या विश्वासाचं तसं नसतं.