नवतंत्रज्ञानाच्या निर्मितीत दिव्यांग व्यक्तींचा सहभाग : एक विवेचन

प्रस्तावना :
कुंडलजवळ १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले होते. परंतु रंगभेद नीट ओळखता येत नसल्याने ते यांत्रिक रेखनाकडे वळले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला. रंगांधत्व कायद्याने दिव्यांगत्वात मोडत नाही. तथापि शारीरिक मर्यादा असलेली व्यक्तीही तंत्रज्ञानाची निर्माती होऊ शकते, हे या परिसराने शतकापूर्वीच पाहिले. दिव्यांगांकडे मात्र आजही बहुधा साधनांचे लाभार्थी म्हणूनच पाहिले जाते.

सहभागाचे स्वरूप :
सहभागाच्या तीन पायऱ्या संभवतात : तयार वस्तू वापरणे, तिची चाचणी घेणे आणि मूळ प्रश्नच निश्चित करणे. तिसरीचे महत्त्व डॉ. टी. व्ही. रामन यांच्या कार्यातून स्पष्ट होते. पुण्यात वाढलेल्या रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूमुळे गेली. पुणे विद्यापीठ व मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये शिक्षण घेऊन त्यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. त्यांच्या प्रबंधातील ‘ॲस्टर’ ही प्रणाली गणिती मजकूर ऐकविते. ‘क्ष अधिक एकचा वर्ग’ असे सरळ वाचल्यास वर्ग एकचा की संपूर्ण कंसाचा, हे श्रोत्याला कळत नाही. ‘ॲस्टर’मध्ये घातांक उंच स्वरात उच्चारला जातो आणि श्रोत्याला समीकरणाच्या हव्या त्या भागाकडे जाता येते. गणित कानांनी शिकलेल्या व्यक्तीनेच प्रश्न मांडल्यामुळे उत्तरही त्या वाटेने सापडले.

कायदेशीर आधार :
संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या आणि भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या करारातील चौथे कलम दिव्यांगांविषयीच्या निर्णयप्रक्रियेत त्यांच्याशी विचारविनिमय करणे बंधनकारक ठरविते. भारताच्या २०१६ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार समाविष्ट आहेत. म्हणजे एकाच प्रतिनिधीचा सल्ला सर्वांसाठी पुरेसा ठरत नाही.

समारोप :
ऑनलाईन अर्जात चित्रातील अक्षरे ओळखण्याची अट असेल आणि ध्वनीचा पर्याय नसेल, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याला दुसऱ्याची मदत घ्यावी लागते. त्याची खासगी माहिती व पासवर्डही परक्या हाती जातो. प्रणाली विकत घेतल्यानंतर ही त्रुटी दूर करणे खर्चिक ठरते. म्हणून महाविद्यालयांनी प्रवेश, परीक्षा व ग्रंथालय यांच्या संगणकीय प्रणालींची निवड करतानाच दिव्यांग विद्यार्थ्यांना व कर्मचाऱ्यांना समितीत स्थान द्यावे, त्यांच्या श्रमाचे मानधन द्यावे आणि त्यांच्या आक्षेपांचे निराकरण होईपर्यंत खरेदी अंतिम करू नये. सहभाग हा निर्णयाचा अधिकार असेल, तरच तो सहभाग ठरतो.