पेलिया बोरिॲलिस
पेलिया बोरिॲलिस ही युरोपात आढळणारी एक यकृतका, म्हणजेच लिव्हरवर्ट गटातील वनस्पती आहे. दोन निकटच्या जातींच्या संकरातून तिची उत्पत्ती झाली. बाह्यरूपावरून जात ओळखण्याच्या पद्धतीला किती मर्यादा आहेत, हे या वनस्पतीच्या अभ्यासातून दिसून आले.

वर्णन
ही वनस्पती ओलसर, सावलीच्या जमिनीवर वाढते. तिला खरी मुळे, खोड व पाने नसतात. तिचे हिरवे, चपटे, फाटे फुटणारे शरीर जमिनीला चिकटून असते. त्यास कायक म्हणतात. पुं-जननेंद्रिये व स्त्री-जननेंद्रिये एकाच कायकावर येतात. दिसण्यात ती पेलिया एपिफिला या जातीशी अत्यंत मिळतीजुळती आहे. मात्र एपिफिलाच्या कायकातील पेशींत ९ गुणसूत्रे असतात, तर बोरिॲलिसच्या पेशींत १८. या फरकाच्या आधारे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लोर्बेर यांनी तिला स्वतंत्र जातीचे स्थान दिले.

उत्पत्ती
दोन्ही वनस्पतींतील साम्यामुळे एपिफिलाचीच गुणसूत्रे दुप्पट होऊन बोरिॲलिस निर्माण झाली असावी, असे दीर्घकाळ मानले जात होते. दरम्यान, एंझाइमांच्या तुलनेतून असे आढळले की, एपिफिला या एकाच नावाखाली प्रत्यक्षात दोन जाती दडलेल्या आहेत. त्यांना ‘एन’ व ‘एस’ अशी अक्षरे देण्यात आली.

यकृतकांचे कायक सामान्यतः एकगुणित असते. त्यामुळे त्यात प्रत्येक जनुकाची एकच प्रत, आणि म्हणून एंझाइमाचे एकच रूप अपेक्षित असते. बोरिॲलिसमध्ये मात्र ‘एन’ आणि ‘एस’ या दोन्ही जातींची रूपे एकत्र आढळली. केवळ एका जातीची गुणसूत्रे दुप्पट झाली असती, तर असे घडले नसते. पोलंडमधील ओद्रझिकोस्की व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या वनस्पतीच्या संकरजन्य उत्पत्तीचे पुरावे प्रसिद्ध केले. डीएनएच्या पुढील अभ्यासात तिची हरितलवके व तंतुकणिका एकाच जनक जातीकडून आल्याचे दिसले.

ओळख
गुणसूत्रांची संख्या अधिक असल्याने बोरिॲलिसच्या पेशी साधारणतः मोठ्या असतात. परंतु केवळ आकारावरून खात्रीशीर ओळख पटत नाही. त्यासाठी ताज्या नमुन्यातील विभाजन होणाऱ्या पेशींत गुणसूत्रे मोजावी लागतात किंवा एंझाइम व डीएनए तपासावे लागतात. वाळवलेल्या नमुन्यांत गुणसूत्रे मोजता येत नाहीत. त्यामुळे संग्रहालयांतील ‘एपिफिला’ अशी नोंद असलेला जुना नमुना ‘एन’, ‘एस’ किंवा बोरिॲलिस यांपैकी कोणाचाही असू शकतो. या वनस्पतींचा प्रसार जुन्या नोंदींवरून ठरवताना ही बाब विचारात घ्यावी लागते.