गाण्यांचा बाजार : भाग ७ – विकत घेतलेलं गाणं, भाड्याचं गाणं

गाण्यांची फुकट देवाणघेवाण करू देणाऱ्या नॅपस्टरने रेकॉर्ड कंपन्यांची झोप कशी उडवली ते मागच्या भागात पाहिलं. त्यावर चालेल असा पहिला तोडगा ॲपलने काढला. २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्सचं दुकान उघडलं: दोन लाख गाणी, प्रत्येकी ९९ सेंट, अख्खा अल्बम घ्यायची सहसा सक्ती नाही. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. मात्र विकत घेतलेल्या गाण्यालाही कुलूप होतं; ठरावीक संगणकांवरच ते वाजे. ते पुरतं निघायला २००९ साल उजाडलं, आणि तोवर स्वीडनमध्ये स्पॉटिफाय सुरूही झालं होतं. दरमहा भाडं भरून गाणी कोण ऐकणार, असं म्हणणाऱ्या स्टीव्ह जॉब्सच्याच कंपनीने, त्याच्या पश्चात, २०१५ मध्ये ॲपल म्युझिक आणलं.

आपल्याकडे डाउनलोड विकत घेण्याची पायरी जवळजवळ लागलीच नाही. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाने गाणी विकायला काढली आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये गाशा गुंडाळला. एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात थोडक्या पैशांत अख्खं मेमरी कार्ड भरून मिळत असताना दुसरं काय होणार? दुकानदार कार्ड रीडरला लावायचा, ‘जुनी टाकू का नवी? भक्तिगीतं पण देऊ?’ एवढंच विचारायचा आणि फोल्डरच्या फोल्डर उतरवून द्यायचा. गायकाला त्यातून छदामही मिळत नसे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरण्याचा हा धंदाही बसला.

आता पैशांकडे वळू, कारण खरा बदल तिथे झाला. आपण भरलेले पैसे आपण ऐकलेल्या कलाकारालाच मिळतात, असा बहुतेकांचा समज असतो. डाउनलोडच्या काळात तो बराचसा खरा होता. स्ट्रीमिंगमध्ये मात्र सहसा सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात, सेवा आपला हिस्सा काढून घेते आणि उरलेली रक्कम एकूण किती वेळा कोणाचं गाणं वाजलं त्या प्रमाणात वाटली जाते. तुम्ही महिनाभर फक्त कुमार गंधर्व ऐकलेत, तरी तुमच्या पैशांतला मोठा वाटा देशभर गाजणाऱ्या चित्रपटगीतांकडेच जातो.

बरं, ‘एकदा वाजलं’ म्हणजे काय? स्पॉटिफायच्या हिशेबात तीस सेकंद. चाळीस मिनिटांचा बडा ख्याल तुम्ही मांडी ठोकून शेवटपर्यंत ऐका, तोही एकच आणि अडीच मिनिटांचं गाणं ऐकलंत तरी तेही एकच. त्या चाळीस मिनिटांत अशी सोळा गाणी होतात. आयट्यून्सवर लांब ट्रॅक पुष्कळदा सुटा मिळत नसे, अख्खा अल्बमच घ्यावा लागे. ग्राहक कुरकुरायचा, पण विलंबित गाणाऱ्याला त्यात निदान न्याय होता. आता ज्याची आलापीच पाच मिनिटं चालते त्याने करायचं काय? चित्रपटसंगीताने आपल्यापुरतं उत्तर शोधलंय: सुरुवातीचं म्युझिक कापा आणि मुखड्यावर या. ते ख्यालाला कसं जमावं!

त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने आणखी एक अट घातली आहे. मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या ट्रॅकला गल्ल्यातून काहीच मिळत नाही. उलट, साउंडक्लाउडने २०२१ मध्ये वेगळा रस्ता धरला: श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांमध्येच वाटायचे. मोठ्या सेवांनी अजून तो उचललेला नाही. त्यांचं आणि बड्या रेकॉर्ड कंपन्यांचं साटंलोटं कसं आहे, ते पुढच्या आठवड्यात.