मुलांचा सर्दी-ताप आणि पांढऱ्या पेशी

मुलाचा सर्दी-खोकला आणि ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, की रक्ततपासणी केली जाते. अहवालात पांढऱ्या पेशी १३ हजार दिसतात, आकड्यापुढे 'जास्त' अशी खूण असते आणि पालक धास्तावतात. 'आता अँटिबायोटिक द्याच,' असा आग्रह डॉक्टरांकडे धरला जातो. मात्र केवळ या आकड्यावरून असा निर्णय घेणे योग्य नाही.

प्रौढांच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणतः ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. एक-दोन वर्षांच्या निरोगी बालकात मात्र ही संख्या १७ हजारांपर्यंतही असू शकते. अहवालावर प्रौढांचीच मर्यादा छापलेली असेल, तर निरोगी मूलही आजारी ठरते. पेशींच्या प्रकारांतही फरक असतो. मोठ्या माणसांत न्यूट्रोफिल अधिक, तर साधारण चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत लिम्फोसाइट अधिक असतात.

विषाणूंमुळे होणाऱ्या श्वसनविकारांत पेशी बहुधा सामान्य राहतात. इन्फ्लुएन्झात त्या कमीही होतात. परंतु अपवाद पुष्कळ आहेत. अॅडिनोव्हायरसच्या संसर्गात संख्या १५ हजारांच्या वर जाऊन जिवाणुसंसर्गाचा भास होऊ शकतो. मुलाने रडून आकांत केला, तरी ती तात्पुरती वाढते. स्टिरॉइड औषधांचाही असाच परिणाम होतो. याउलट, गंभीर जिवाणुसंसर्गात पेशी घटू शकतात.

म्हणजे ही तपासणी निरुपयोगी आहे, असे नव्हे. पावसाळ्यात तापाबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी होऊ लागल्या, तर डेंग्यूचा संशय घ्यावा लागतो. मात्र आकड्याचा अर्थ मुलाचे वय, लक्षणे आणि डॉक्टरांची तपासणी यांच्या जोडीनेच लावायचा असतो. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. विनाकारण दिल्यास जुलाब, पुरळ असे त्रास होऊ शकतात आणि जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

पालकांनी आकड्यापेक्षा मुलाकडे लक्ष द्यावे. शांत असताना श्वास मिनिटाला किती वेळा चालतो, ते पूर्ण मिनिटभर मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक हा वेग धोक्याचा समजावा. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, दूध किंवा पाणी न पिणे, सतत गुंगी असणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास तातडीने डॉक्टर गाठावा. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आल्यास पेशींचा आकडा काहीही असो, विलंब करू नये.