दुर्मीळ आजारांवरचं संशोधन कुणाच्या पैशावर चालतं?

नेट, जेआरएफ, मग गाईड, मग सिनॉप्सिस. संशोधनाची तयारी करताना पैशाचा विषय आपल्यापैकी बहुतेकांसाठी फेलोशिपपाशीच संपतो. पण प्रयोगशाळेतली रसायनं, सिक्वेन्सिंगचा खर्च, फील्डवर जायची गाडी, हे सगळं कुणीतरी दिलेल्या ग्रँटमधून येतं. ही ग्रँट साधारण तीन ठिकाणांहून मिळते: सरकार, कंपन्या आणि धर्मादाय संस्था. दुर्मीळ आजारांवर काम करायचं मनात असेल, तर यातला तिसरा मार्ग नीट समजून घ्या.

आधी, दुर्मीळ म्हणजे किती?

अमेरिकेत २ लाखांपेक्षा कमी लोकांना असलेला आजार दुर्मीळ धरतात. युरोपात हे प्रमाण १०,००० लोकांमागे जास्तीत जास्त ५ इतकं आहे. भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाने असा आकडा ठरवलेलाच नाही. कारण सरळ आहे: आकडा ठरवायला आधी मोजणी लागते, आणि ती आपल्याकडे पुरेशी झालेली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कंपनीचं गणित साधं असतं. रुग्ण कमी, म्हणून औषधाचा खप कमी, म्हणून गुंतवणूक नको. सरकारचा पैसा आधी क्षयरोग, मधुमेह, माता-बालमृत्यू यांच्याकडे जातो, आणि त्यात चूक काही नाही. या दोघांमध्ये जी जागा रिकामी उरते, तिथे धर्मादाय पैसा येतो.

उपचाराचा पैसा वेगळा, संशोधनाचा वेगळा

या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या एसएमए या आजारावरच्या जनुकीय उपचारासाठी लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटी रुपये उभे राहिले. आयातीवरचा करही माफ झाला. ही दानत मोठीच. पण तो पैसा एका बाळाच्या एका डोससाठी होता. सरकारी धोरणातून ठरलेल्या केंद्रांवर (मुंबईचं केईएम त्यातलंच एक) रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, तीही उपचारासाठीच.

संशोधनाला दिलेल्या पैशातून उद्या काय मिळेल हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. मग असा पैसा कोण देतं? एक जुनं, मुंबईतलंच उदाहरण बघू.

लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट, १९३२

१९३१ मध्ये सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्या. तेव्हा या आजारावर उपयोगी असं औषध जवळपास नव्हतंच. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने ट्रस्ट काढला. त्याच वर्षी ते स्वतःही गेले.

या ट्रस्टची घडण आपल्या कामाची आहे. उत्पन्नाचे चार पंचमांश ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, आणि तेही जगात कुठेही. उरलेला एक पंचमांश भारतात, माणसाचं आजारपणातलं दुःख कमी करणाऱ्या संशोधनासाठी. म्हणजे मुंबईतला पैसा परदेशातल्या संशोधकालाही मिळू शकत होता, आणि आजही मिळतो. दोराबजींनी इमारत बांधली नाही, औषध वाटलं नाही. मूळ रक्कम तशीच ठेवून तिच्या उत्पन्नातून वर्षानुवर्षं माणसांना काम करू द्यायचं, अशी ती व्यवस्था.

आता काळाचा हिशोब बघा. लहान मुलांच्या ल्युकेमियात औषधाने तात्पुरता का होईना उतार पडतो, हे सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये १९४८ मध्ये दाखवलं. ल्युकेमियाच्या एका प्रकारावर, सीएमएलवर, इमॅटिनिब बाजारात आलं २००१ मध्ये. ट्रस्ट निघाल्यापासून १६ वर्षं आणि ६९ वर्षं. ही कामं याच ट्रस्टच्या पैशावर झाली असं मी म्हणत नाहीये. सांगायचं एवढंच, की संशोधनाचं घड्याळ आणि रुग्णाचं घड्याळ एका वेगाने चालत नाही.

धागा कुठून येईल सांगता येत नाही

फार्बर यांच्या औषधाची कुळकथा तर आणखी मजेशीर आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत ती गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या ॲनिमियाचा अभ्यास करत होती. यीस्टच्या अर्काने हा ॲनिमिया बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये छापलं. मेहेरबाई गेल्या तेच हे वर्ष. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं. फोलेट रक्तपेशी वाढवतं, मग फोलेटला अडवणारं रसायन दिलं तर? तसं रसायन, ॲमिनोप्टेरिन, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ले कंपनीतल्या चमूने तयार केलं आणि फार्बर यांनी ते वापरलं.

म्हणजे ल्युकेमियाच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी एकाचा धागा परळच्या ॲनिमियात होता. तुमच्या प्रपोजलमध्ये ‘या कामातून औषध निघेल’ असं लिहायचा मोह झाला की हे आठवा.

आजचा धर्मादाय पैसा

आता देणारे बदललेत. फ्रान्समध्ये स्नायूंच्या आजारांसाठी रुग्णांच्या कुटुंबांनी १९८७ मध्ये टेलिथॉन सुरू केला, आणि त्या पैशातून स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने तर थेट औषध कंपनीला पैसे दिले. २०१२ मध्ये त्यातून ॲयव्हाकाफ्टर आलं, आणि २०१४ मध्ये फाउंडेशनने रॉयल्टीचे हक्क ३.३ अब्ज डॉलरला विकले. तो पैसा पुन्हा संशोधनात गेला. पण ते औषध अतिशय महाग निघालं, आणि दानातून बनलेलं औषध रुग्णालाच का परवडू नये, असा रास्त प्रश्न विचारला गेला.

आपल्याकडे बंगळुरूत ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलांच्या पालकांनी संशोधन ट्रस्ट काढला. वेलकम ट्रस्ट आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग मिळून इंडिया अलायन्सच्या फेलोशिप देतात. कंपन्यांचा सीएसआर निधीही आता सरकारी विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना देता येतो.

कोयनेकडून शिकण्यासारखं

माझं गाव कोयनानगर, म्हणून हे उदाहरण सुचतं. धरणात पाणी साठू लागल्यावर लहान हादरे जाणवू लागले आणि परिसरात भूकंपमापकं बसली. त्यामुळे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला तेव्हा नोंद करणारी यंत्रं जागेवर होती. खुद्द धरणातल्या यंत्राची ती नोंद पुढे जगभरच्या धरण अभियंत्यांनी वापरली. घटना दुर्मीळ असली, तरी नोंद होती म्हणून ती सगळ्यांच्या कामाची ठरली.

दुर्मीळ आजारांत नेमकी हीच नोंद नसते. आमच्या खोऱ्यातलं एखादं कुटुंब आजारी मुलाला घेऊन कराड, पुणे, मुंबई करतं. प्रत्येक ठिकाणी नवी फाईल. निदान होतं तेव्हा काही वर्षं गेलेली असतात, आणि पाटणची ती केस कुठल्याच एका वहीत सापडत नाही. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यावरच होणारे आजार अशा घरांत दिसण्याची शक्यता वाढते. म्हणून इथे रुग्णांची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, तयार करणं हेच मोठं संशोधन आहे. कंपनी त्याला पैसे देणार नाही. छोट्या धर्मादाय ग्रँटमध्ये मात्र ते बसतं.

अर्ज करताना

१. ट्रस्टचा उद्देश मुळातून वाचा. ‘ल्युकेमिया’ लिहिलं असेल तर तुमचा थॅलेसेमिया तिथे चालणार नाही, कितीही महत्त्वाचा असला तरी.

२. पैसा परदेशी असेल तर तुमच्या संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे का, ते आधी विचारा. आरोग्य संशोधनाला परदेशी निधी घेताना आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची परवानगीही लागते. यात महिने जातात, ते वेळापत्रकात धरा.

३. रुग्ण ८ असतील तर ८ लिहा. दुर्मीळ आजारात लहान संख्या हा दोष नाही. ती फुगवणं हा दोष आहे.

४. ग्रँट संपल्यावर नमुने आणि डेटा कुणाकडे राहील, ते लिहा. ३ वर्षांनी बंद पडणारी रजिस्ट्री म्हणजे आणखी एक हरवलेली फाईल.

५. पालकांच्या संस्थेकडून पैसा घेणार असाल, तर पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा: ‘या कामाचा उपयोग तुमच्या मुलाला होईलच असं नाही.’ हे बोलणं जड जातं. पण देणारे तुमचे परीक्षक नसतात, ते आईबाप असतात. खरं ऐकूनही जे पैसे देतात, त्यांना वर्षाच्या शेवटी नुसतं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवू नका. काय केलं, काय जमलं नाही, हे एका पानावर साध्या मराठीत लिहून पाठवा. तेवढा त्यांचा हक्क आहे.