दम कुणाचा : जीपचा की फियाटचा?

जुन्या गाड्यांचे शौकीन एकत्र आले, की अमेरिकन इंजिनावरून वाद ठरलेला. नांदेड-लातूर रस्त्यावर गाडी चालवण्यात उमेद घालवलेला एखादा म्हणतो, "विलिज जीपचा दम कशातच नाही. गिअर न बदलता चढ काढते." दुसरा म्हणतो, "एवढे थोरले इंजिन, आणि अश्वशक्ती जेमतेम साठ! त्यापेक्षा आमची फियाट हुशार." दोघांचेही खरे आहे. मात्र ते दोन निराळ्या राशींविषयी बोलत आहेत, आणि वर्गात मुले नेमकी याच दोन राशींची गल्लत करतात.

विलिज ही मूळची दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी गाडी. 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली, आणि पुढे सरकारी खात्यांमार्फत ती मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत पोचली. इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 79.4 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 111.1 मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावून पाहा, 2200 घन सेंटिमीटर येतात. (आठवीच्या मुलांना हे उदाहरण जरूर घालावे. पाण्याच्या टाकीपेक्षा त्यांना ते आवडते.)

आता वादाचा मुद्दा. इंजिन दांडा किती जोराने पिळते, ते टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. हे काम किती झपाट्याने होते, ती शक्ती. टॉर्कला कोनीय वेगाने गुणले की शक्ती मिळते. विलिजचा सर्वांत जास्त टॉर्क सुमारे 142 न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला अवघ्या 2000 फेऱ्यांना. गुणाकार केला तर शक्ती साधारण 29,700 वॉट, म्हणजे 40 अश्वशक्ती येते. कमाल 60 अश्वशक्ती मिळते 4000 फेऱ्यांना. उलटा हिशेब केला, तर त्या वेळी टॉर्क 107वर उतरलेला दिसतो. शक्ती वाढली, पीळ मात्र घटला!

मुंबईच्या कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे, म्हणजे लोकांच्या तोंडी फियाटचे, इंजिन 1089 घन सेंटिमीटरचे. तीही सुमारे 40 अश्वशक्ती देत असे, पण पाच हजारांच्या आसपास फेरे घेऊन. जीप तेवढीच शक्ती निम्म्याहून कमी फेऱ्यांत देते. मग फियाट चढावर हरते का? नाही. खालच्या गिअरमध्ये फेरे खर्चून पीळ वाढवता येतो. गिअर शक्ती निर्माण करत नाही, फक्त देवघेव करतो. जीपवाल्याला गिअर कमी बदलावे लागतात, इतकाच फरक. तरी तो किरकोळ नाही. लातूर नांदेडपेक्षा सुमारे पावणेतीनशे मीटर उंचावर आहे. भरलेल्या गाडीत चालकाने गिअर बदलायला उशीर केला, तर ऐन चढावर इंजिन बंद पडते आणि गाडी मागे घरंगळू लागते. जुनी गाडी घेताना नुसता अश्वशक्तीचा आकडा विचारणाऱ्याला हे कळायला पहिला चढ यावा लागतो.

फेरे वाढल्यावर विलिजचा टॉर्क घटतो कशाने? या इंजिनाच्या दोन्ही झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नसून बगलेत आहेत. पेट्रोल-हवेचे मिश्रण खालून वर येते आणि वळसा घेऊन सिलिंडरमध्ये शिरते. 2000 फेऱ्यांना दट्ट्याची एक धाव 15 मिलिसेकंदांची असते, 4000ला फक्त साडेसात. एवढ्याशा वेळात वळसा घेऊन सिलिंडर पुरते भरत नाही. शिवाय या रचनेत मिश्रण फार दाबताही येत नाही. संपीडन साडेसहा पटीच्या आसपासच राहते. त्याचा एक फायदा असा, की हलक्या दर्जाच्या पेट्रोलवरही इंजिन ठोकत नाही. युद्धात आणि आपल्याकडच्या आडगावांत ते उपयोगीच ठरले.

पुढे विलिजने फक्त आत घेणारी झडप उचलून डोक्यावर नेली. बाहेर सोडणारी बगलेतच ठेवली. संपीडनही थोडे वाढले. व्यास तोच, धाव तीच, आणि त्याच चार सिलिंडरांतून 70च्या वर अश्वशक्ती मिळू लागली.